काचेच्या टाकीतला शेवटचा लोंढा

प्रयोगशाळेत त्याला सगळे गाळवाला म्हणत. नावाने हाक मारली असती तर त्याने वळूनही पाहिलं नसतं. उभा जन्म त्याने एका लांबलचक काचेच्या टाकीशी काढला. टाकीला उतरता तळ, तळात कोरलेली नागमोडी घळ. वरच्या टोकाने तो वाळूमाती कालवलेलं पाणी सोडायचा, आणि खोल समुद्रात उतारावरून गाळ सुटला की काय होतं, ते काचेआड दिसायचं.

आता हे सगळं संगणकावर होतं म्हणे. टाकी उद्या फोडणार होते. त्याला विचारण्याची तसदी कोण घेतो?

बायकोने मात्र ही टाकी कधी पाहिलीच नव्हती. नवरा चिखल कालवायला जातो, एवढंच ती शेजारणींना सांगायची, आणि ते त्याला आयुष्यभर टोचत आलं होतं. म्हणून प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंची परवानगी काढून आज तो तिला घेऊन आला. आज दिसलं तर दिसलं.

त्याने ऐटीत बादली ओतली. लोंढा तळाशी जायचं सोडून दुधावरच्या सायीसारखा वरच पसरला. काल दुसऱ्या प्रयोगासाठी टाकीत मिठाचं पाणी भरलं होतं, आणि आज आनंदाच्या भरात तो ते पार विसरला. जड खाऱ्या पाण्यापुढे त्याचा गोड्या पाण्यातला गाळ हलका पडला.

"हेच का ते? हे तर मी रोज मोरीत बघते," ती म्हणाली.

त्याची कानशिलं तापली. त्याने नव्या बादलीत मीठ ढवळलं, मुठीमुठीने वाळू वाढवली आणि खांदा भरून येईपर्यंत घोटून सोडलं. या खेपेला लोंढा बुडाला. तळाला पोट घासत घळीत शिरला, वळणावर उसळून काठाबाहेर सांडला, आणि सांडला तिथे गाळाचे बांध उभे राहिले. घळ संपताच तो पंख्यासारखा पसरला आणि दमला. जाड वाळू आधी खाली आली, मग बारीक. पिठासारखी माती तरंगतच राहिली.

ती काचेला नाक लावून उभी होती. प्रत्येक लोंढा असा एक थर टाकून जातो, खाली जाड, वर बारीक, असं तो सांगत होता. टाकीच्या टोकाचे जुने थर त्याने कधी कुणाला उपसू दिले नव्हते. त्यातल्या एकावर त्याने बोट ठेवलं.

"हा थोरली झाली तेव्हाचा. तू दवाखान्यात, आणि मी इथे."

तिचं बोट एकेक थर चढत वर आलं.

"आजचा कुठला?"

"तो अजून खाली यायचाय. वेळ लागेल."

"मग थांबू," म्हणत तिने दोन स्टुलं काचेजवळ ओढली.