खालाचा नंबर

फायनान्स कंपनीनं मला फसवलं, आणि मी जमिलाखालाला.

पुंडलिकनगरच्या माझ्या दुकानात गिऱ्हाईक बसलं होतं. माझे हात पॅकिंगमध्ये, म्हणून फोन स्पीकरवर. पलीकडून आवाज आला, "ए दगडविक्या, लायकी नव्हती तर टेम्पो कशाला घेतला रे? भीक माग, पण हप्ता भर." गिऱ्हाईक नजर चुकवून उठलं.

दगडविक्या मी आहेच. लेण्यांजवळच्या फर्दापूरला पर्यटकांच्या मागं पळून गारगोट्या विकल्या, त्यावर शहरात हे गारगोट्यांचं दुकान उभं केलं. टेम्पोच्या कर्जात कंपनीनं मला न विचारता विमा घुसवला. काढा म्हणालो, काढला नाही. मी हप्ता थांबवला. आमच्या धंद्यात भाव पटला नाही की पाठ फिरवायची. आधी हाक मारेल तो नमला. फोन सुरू झाले तेव्हा मी मनात हसलो. हाका मारायला लागले, म्हटलं. ताणून धरलं.

हाका दुसरीकडंही जात होत्या. कर्ज घेताना ओळखीच्या माणसाचा नंबर लागतो. मी खालाचा दिला होता. तिला न विचारता. खाला आमची फर्दापूरची शेजारीण, मावशीसारखी. आई कामावर गेली की मी तिच्याच घरी जेवायचो. आता ती ड्रायव्हर लोकांसाठी डबे करते. ऑर्डरी फोनवर येतात.

तिचा फोन लागेना म्हणून फर्दापूरला गेलो, तर चूल थंड. फोन पिठाच्या डब्यात, बंद.

"खाला, फोन बंद का गं?"

"चालू केला की शिव्या, बेटा. म्हणतेत, चोराला पोसती तू. मी म्हणलं, आमचा पोरगा तसा नाय. तर बोला, बुढ्ढी, फिर तूही भर."

"मला का नाही सांगितलंस?"

"नंबर तूच दिला ना रे? मला वाटलं, तुला ठावं असंल."

तिनं टोमणा मारला नव्हता. तिला खरंच तसं वाटलं होतं.

थकलेले हप्ते त्याच दिवशी भरले. दुसऱ्या दिवशी शाखेत गेलो.

"वसुलीची एजन्सी वेगळी असते," साहेब म्हणाले. "आणि नंबर तुम्हीच दिलात."

व्हय, मीच दिला. ओळख पटवायला दिला, म्हातारीला शिव्या घालायला नाही. साहेब म्हणाले, "चला, दंड माफ करतो. विषय मिटवा."

समोरून आलेली सूट मी जन्मात सोडलेली नाही. ती सोडली. आवाज चढला, शिपाई धावत आला. मी खुर्ची सोडली नाही.

साहेबांना सांगितलं, आता रोज येणार. दुकान बंद ठेवीन, पण येणार. मी खालाला तोंडावर सांगितलं आहे की तिला न विचारता नंबर देणारा मी, आणि हप्ता ताणून धरणाराही मीच. तिनं माफ केलं का, मी विचारलेलं नाही. विचारायचा हक्क मला नाही. तिला बुढ्ढी म्हणणारा माणूस कोण? तिचा नंबर त्याच्या हातात कुणी दिला? मला नावं पाहिजेत, साहेब. एजन्सीचं नको, माणसांची. त्यांना फर्दापूरला आणा. तिच्या दारात उभं राहून, शेजारणींसमोर, त्यांनी जाब द्यावा. तुम्हीही या.