राखीव संघ

माझा धाकटा भाऊ जर्मनीतल्या एका फुटबॉल क्लबचा चाहता होता. असं सांगितलं की लोक लगेच मोठमोठ्या क्लबांची नावं घ्यायला लागतात. तसलं काही नव्हतं. तो त्या क्लबच्या दुसऱ्या टीमचा चाहता होता, जिला तिच्या स्वतःच्या गावातही फारसं कुणी विचारत नव्हतं. तो आता नाही. त्याला वाचवायला मी माझी एक किडनी द्यायला निघाले होते आणि देऊ शकले नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्येच कुणी आशा लावून बसायला नको.

तो कशेळीच्या एका गोदामात कामाला होता. गिऱ्हाइकांकडून परत आलेला माल उघडायचा, तपासायचा आणि धड असेल तो वेगळा काढायचा. कायम नव्हता. कुणी दांडी मारली की सुपरवायझरचा याला फोन यायचा. आमचे वडीलही कापडाच्या लूमवर असेच बदली कामगार होते. सकाळी कारखान्याच्या दारात जाऊन उभं राहायचं, आणि कुणाचं पोट बिघडलं की यांना शिफ्ट मिळायची. भाऊ म्हणायचा, “तायडे, आपल्या घरची चूल लोकांच्या आजारपणावर पेटते.” मी त्याला गप्प बस म्हणायची. पण खोटं नव्हतं ते.

एकदा गोदामात जर्सींचं एक खोकं निघालं. त्याला कुणी वाली नव्हता, म्हणून पोरांनी जर्सी वाटून घेतल्या. छातीवर क्लबचं नाव आणि नावापुढे दोन उभ्या रेघा. पोरांनी वाचलं अकरा. फुटबॉलमध्ये खेळाडू अकराच, तेव्हा ही त्या क्लबची खरी, मुख्य टीम, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. रविवारी ट्रक लागायच्या आवारात ती पोरं त्या जर्सी घालून खेळायची आणि शेजारच्या गोदामातल्या पोरांना दम भरायची, “अकरा से खेलेगा क्या?”

मग एका दुपारी भावाने फोनवर त्या क्लबचं नाव टाकलं. पान जर्मनमध्ये होतं, ते त्याने मराठीत करून घेतलं. तेव्हा कळलं की ते अकरा नव्हतेच, रोमन दोन होते. फोनने सरळ लिहून दिलं होतं, ‘राखीव संघ’. त्याचा यूपीचा सोबती कपाळावर हात मारून म्हणाला, “भाई, ये तो सेकंड टीम निकली!” बाकीच्यांनी दुसऱ्या दिवसापासून त्या जर्सी गाड्या पुसायला घेतल्या. माझा भाऊ तेवढा हसत सुटला. रविवारी मी राहते त्या टेमघरहून रिक्षाने अंजूरला आमच्या जुन्या घरी गेले, तर हा दारातूनच ओरडला, “तायडे, जर्मनीत पन राखीव हाय!”

हा शब्द आमच्या घरात साधा नाही. आम्ही बौद्ध. मी शाळेत क्लार्क आहे, आणि प्रवेशाच्या दिवसांत राखीव प्रवर्गाचा रकाना मीच भरते. लहानपणी वर्गात गुरुजी म्हणायचे, “राखीववाले हात वर करा.” मी हात वर केला की मागच्या बाकावरून खी खी ऐकू यायचं. नोकरी लागली तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या बाई पेढा तोंडात टाकत म्हणाल्या, “तुमचं काय बाई, राखीव.” पेढा माझाच होता. त्या शब्दाने माझं डोकं आजही तडकतं. भावाला मात्र त्याचं हसू यायचं. कुणी टोमणा मारला तर तो म्हणायचा, “राखीव म्हंजे जपून ठेवलेलं. तुला कोन जपून ठेवतंय रे?”

तेव्हापासून ती टीम त्याची झाली. शनिवारी संध्याकाळी तिची मॅच असायची. मॅच कुठे दिसायची नाही, नुसता स्कोअर फोनवर बदलायचा, आणि हा ओट्यावर बसून त्या आकड्याकडे टक लावायचा. माझी भावजय म्हणायची, “आकड्याला काय डोळे वटारता? तो काय तुम्हाला भिऊन वाढनार हाय?” रविवारी मी गेले की चहाबरोबर त्या टीमचा इतिहास ऐकावा लागायचा. सुरुवातीला मी भाजी निवडत नुसतं हूं हूं करायची.

खूप पूर्वी म्हणे ही टीम मुख्य मॅचच्या आधी, त्याच मैदानावर खेळायची. पाव भाजणारे, टपाल वाटणारे, कारखान्यातले लोक, सगळे कामधंदा सांभाळून खेळणारे. लोक आत येऊन जागा धरेपर्यंत यांची मॅच संपत आलेली असायची. पुढे क्लब मोठा झाला, तशी कोवळी पोरं तयार करायला ही टीम ठेवली. पोरगं चांगलं निघालं की वरची टीम त्याला उचलून न्यायची. वरचा एखादा खेळाडू जायबंदी झाला की पाय सरळ होईपर्यंत तो इथे खेळायचा आणि निघून जायचा. भाऊ यावर भडकायचा. “चांगलं ते वर न्यायचं, मोडलेलं ते खाली धाडायचं, आनि वर म्हनायचं यांची टीम जमत न्हाय!” असं म्हणून तो माझ्याकडे असा बघायचा की जणू त्या क्लबात मीच क्लार्क आहे.

त्याचा सगळ्यात मोठा राग एका नियमावर होता. राखीव संघाला आपल्या मुख्य संघाच्या बरोबरीने एकाच गटात खेळता येत नाही. एका वर्षी ही टीम आपल्या गटात पहिली आली. वरच्या गटात जाणार, तेवढ्यात मुख्य टीम हरत हरत खाली आली, ती नेमकी त्याच वरच्या गटात. मग जिंकलेल्यांना सांगितलं, तुम्ही आहात तिथेच राहा. भावाने हे मला सांगितलं तेव्हा त्याचा आवाज चढला होता. “हरले ते, आनि जागा गेली यांची?”

“नियम असेल,” मी म्हटलं.

“तुझं आपलं कायम नियम,” तो म्हणाला आणि चहा तसाच ठेवून उठला. त्या दिवशी मी भाजी बाजूला सारली आणि त्याच्या फोनमधले फोटो पहिल्यांदा नीट पाहिले. लहानसं मैदान, एका बाजूला पायऱ्या, आणि पायऱ्यांवर थोडीशी म्हातारी माणसं. त्यातला टोपीवाला एक म्हातारा प्रत्येक फोटोत होता, पायाशी कुत्रा घेऊन. भाऊ फोटो मोठा करून दाखवायचा आणि म्हणायचा, “हा बघ, आलाय.” पुढे पुढे मीच विचारायला लागले, म्हातारा आला होता का.

मग भावाचे पाय सुजायला लागले. गोदामात उभं राहून सुजतात असं त्याचं म्हणणं, आणि आम्हीही ते मानलं. तोंडावर सूज आली तेव्हा दवाखान्यात नेला. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. डायलिसिस सुरू झालं. सुपरवायझरचे फोन हळूहळू बंद झाले. डॉक्टर चांगले होते, त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं: माणसाला किडन्या दोन असतात, पण एकीवर नीट भागतं, दुसरी जादा असते. घरातल्या कुणाची जुळली तर बघू. भावजयीला साखरेचा त्रास, ती लगेच बाद झाली. मी म्हटलं, “मग माझी राखीव घ्या.” आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द मी आनंदाने उच्चारला.

भाऊ तयार होईना. तुला संसार आहे, पोरं आहेत, पुढे तुला लागली तर. मी त्याला सणसणीत झापलं. म्हटलं, तुझी ती टीम कशासाठी ठेवली होती? वरचा मोडला की खालच्याने उभं राहायचं म्हणूनच ना?  तो सलाइनच्या नळीशी चाळा करत बसला. मग म्हणाला, “बरं. पन मॅच झाली की परत देनार न्हाय हां.”

रक्तगट जुळला. त्या रात्री मला जितकी शांत झोप लागली तितकी लग्नानंतर कधी लागली नसेल. मग सोनोग्राफीला बोलावलं. तपासणारा माणूस पोटावर यंत्र फिरवत होता. इकडून फिरवलं, तिकडून फिरवलं, कुशीवर वळायला सांगितलं. मग त्याने विचारलं, “बाई, एक किडनी कधी काढलीत?”

मी उठूनच बसले. “काढली म्हणजे? मी काय विकून आले?”

तो बिचारा घाबरला. त्याने मोठ्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांनीही यंत्र फिरवलं. मला जन्मापासून एकच किडनी होती. काही काही माणसांना असते म्हणे, कळतही नाही. दोन बाळंतपणं झाली, लूमच्या आवाजात वाढले, नोकरी केली, भांडले, आणि सगळं एकीच्याच जोरावर. माझ्याकडे राखीव काही नव्हतंच. आयुष्यभर लोकांनी जो शब्द मला चिकटवला, तो आतून तपासला तर खोटा निघाला, आणि तोही नेमका जेव्हा मला खरा हवा होता तेव्हा. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले. येणारे जाणारे वाट काढून जात होते.

भावाला सांगायचं धाडस होत नव्हतं. पण माझं तोंड बघून त्याने ओळखलं की काहीतरी बिनसलंय. मी सांगितलं. तो इतका हसला की नर्स येऊन दटावून गेली. “तायडे, तू तर राखीव टीम काढलीच न्हाय!” मीही हसले. मग त्याचं हसू एकदम थांबलं. त्याने विचारलं, “म्हंजे तुला काय झालं तर?”

स्वतःचं काय, हे त्याने त्या दिवशी विचारलं नाही. नंतरही कधी विचारलं नाही. त्याचं नाव किडनीच्या प्रतीक्षा यादीत लागलं. दुसऱ्याचं कुणाचं वाईट झालं तर याचा नंबर, म्हणजे पुन्हा वडिलांसारखं दारात उभं राहणं. त्याने डॉक्टरांना माझ्याबद्दलच विचारून विचारून हैराण केलं. मी भरपूर पाणी प्यायचं आणि दुखण्याच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याला स्वतःला पाणी मोजून मिळायचं, घसा सुकला की बर्फाचा खडा चघळायचा. आणि मला म्हणायचा, “पी. माझ्या वाटनीचं पन पी.” एकदा डायलिसिस चालू असताना त्याने माझा फोन मागितला आणि त्यात पाणी प्यायचा गजर लावून ठेवला. बेल नव्हती, त्याचाच आवाज होता. तो शाळेत मुख्याध्यापकांसमोर वाजायचा आणि माझी पंचाईत व्हायची. मी त्याला म्हटलं, काढ तो. तो म्हणाला, “तुला काढता येत असेल तर काढ.” मला येत नव्हतं, हे त्याला माहीत होतं.

त्याच उन्हाळ्यात त्या क्लबने राखीव संघ बंद केला. भावाने ते डायलिसिसच्या खाटेवर वाचलं आणि फोन माझ्या हातात दिला. मराठीत उलटंसुलटं काहीतरी आलं होतं, अर्थ एवढाच की आता या संघाची गरज नाही, पोरांना दुसऱ्या क्लबांकडे पाठवू. मला वाटलं होतं तो चिडेल. तो चिडला नाही. खिडकीकडे तोंड करून म्हणाला, “तो म्हातारा आता शनिवारी कुत्र्याला घेऊन कुठं जाईल?”  मी त्याच्या पायावरून हात फिरवत बसले. पाय गार होते.

पावसाळा सरता सरता तो गेला. यादीतून फोन आला नाही.

गेलेल्याच्या नावाने पाणी देतात त्या जलदान विधीला अंजूरच्या घरी सगळी बौद्धवाडी जमली होती. बुद्धमूर्तीसमोर मेणबत्त्या लावल्या होत्या आणि शेजारी त्याचा फोटो होता, ती जर्सी घातलेला, दोन उभ्या रेघांचा. भन्ते गाथा म्हणत होते. भावजयीने हात जोडले, मग भन्तेंनी सांगितल्याप्रमाणे ताटातल्या वाटीत पाण्याची धार धरली. पाणी भरत आलं, काठावरून ताटात सांडायला लागलं. आणि माझ्या पिशवीतून त्याचा आवाज आला, मोठ्याने, नेहमीच्या चिडवायच्या सुरात, “तायडे, पानी पी. राखीव न्हाय तुझ्याकडं. पानी पी.”

भन्ते थांबले.  मी पिशवीत हात घालून फोन शोधत होते, पण बटण सापडत नव्हतं. तो आपला परत परत सांगत होता. भावजय धार सोडून उठली, आत गेली आणि माठातलं पाणी पेल्यात भरून घेऊन आली. माझ्यासमोर गुडघ्यावर बसून म्हणाली, “प्या ताई. प्यायल्याशिवाय गप बसनार न्हाय ते.”

सगळ्यांच्या देखत मी तो पेला तोंडाला लावला.  पूर्ण प्याले, आणि भावजयीला म्हटलं, अजून एक आण, त्याच्या वाटणीचा.