नकाशाची पाठ

गेडाम सरांच्या हातात कुठलाही कागद द्या, ते आधी तो उलटा करत. लग्नाची पत्रिका असो, निवडणूक ड्यूटीचा आदेश असो, नाहीतर मिठाईच्या डब्याचं झाकण. उलटा करायचा, डोळे मिटायचे आणि कडेकडेनं अंगठा फिरवायचा. पांढरकवड्याच्या आमच्या शाळेत मी भूगोल शिकवायला आले, त्या पहिल्याच दिवशी त्यांनी माझा नेमणुकीचा आदेश असाच चाचपला आणि म्हणाले, "बाई, समोरून त सगळेच साजरे दिसतात. पाठ पाहावं." मला वाटलं, माणूस थोडा सटकलेला आहे.

सर चित्रकलेचे. खिशाला पेनाऐवजी भिंग. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. घरात काय होतं, तर एक नकाशा. वणीच्या एका भंगारवाल्याकडे कुठल्याशा जुन्या बंगल्याचं सामान आलं होतं, त्या रद्दीत तो त्यांना सापडला. तीनेकशे वर्षांपूर्वी जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेला हिंदुस्थानचा नकाशा, असं त्यांचं म्हणणं. खालच्या कोपऱ्यात नक्षीची चौकट, तिच्यावर फळांचे घोस, पंख असलेली दोन गुबगुबीत बाळं आणि लॅटिन अक्षरं. रंग हातानं भरलेले. हिरवा रंग एका ठिकाणी रेषेबाहेर गेला होता, त्यावर सरांचा भारी जीव. "कोण्या बाईनं भरला असन, बाई. लेकरू रडलं असन, हात हालला असन."

आपला जिल्हा जिथं यायला हवा तिथं कोरणाऱ्यानं चार डोंगर, पाच झाडं आणि एक हत्ती काढून ठेवला होता. सर त्याच्यावर रोज चिडत. "हा बुवा कधी इकडं आला नाई, तरी जागा खाली नाई सोडली, हे मानलं. पण हत्ती काहून काढला म्हणतो मी? टिपेश्वराच्या जंगलात वाघ पाहिजे होता न!"

स्टाफरूममध्ये मात्र त्या नकाशाचं नाव पडलं होतं 'सरांचं जर्मन कॅलेंडर'. कुणी म्हणे शाईचा कारखाना वाटतो असली चित्रं, कुणी म्हणे मागे पंचांग असेल बघा. सर चिडत नसत. ओला कागद तांब्याच्या पत्र्यावर ठेवून रूळ फिरवला की पत्र्याची कड कागदात रुतते आणि चित्राच्या बाहेर, चारी बाजूंनी, दाबाची एक रेघ कायमची राहते, हे ते पुन्हा पुन्हा सांगत. "कॅलेंडरले हा दाब नसते. मागून अंगठा फिरवा, लागते. पाठ खोटं बोलत नाई, बाई." मी हे किती वेळा ऐकलं असेल! ऐकलं म्हणजे काय, वह्या तपासता तपासता हूं हूं केलं.

त्यांना त्या नकाशाचं दुसरं काही नको होतं. जाणत्या माणसानं एकदा तो हातात घ्यावा आणि सांगावं, गेडाम, तुमचा नकाशा खरा आहे. बस्स. निवृत्तीला तीन वर्षं झाल्यावर हा योग जुळून आला. जुन्या नकाशांचा अभ्यास करणाऱ्या नागपूरच्या एका बाईंना त्यांनी फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं : फोटोवरून सांगता येत नाही, दिवाळीनंतर येते, कागद हातात घेऊन पाहते. तो मेसेज दाखवायला सर मुद्दाम शाळेत आले. "येऊन राह्यल्या त्या," म्हणाले आणि पाणी प्यायला बाहेर गेले.

दसऱ्याला सरांचं पोट फुगलं, डोळे पिवळे झाले. यवतमाळला दवाखान्यात हलवलं. जाताना नकाशा माझ्या हवाली केला. "सांभाळा बाई. घरात वाळवी लागली हाय."

आणि मी सांभाळला! भूगोलाची बाई मी; वीस वर्षं शाळेचे नकाशे कसे टिकवले? लॅमिनेशन करून. आमच्याकडे जे जपायचं ते लॅमिनेट होतं: गुणपत्रिका, जातीचा दाखला, मेलेल्या माणसाचा फोटो. चौकातल्या दुकानात मोठं मशीन होतं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, कडा लय मळल्या, कुरतडल्या बी. साफ कापून देऊ? साजरं दिसन." मी म्हणाले, "कापा. चांगला चौकोनी करा." कटरनं चार पट्ट्या खाली पडल्या. दुकानदारानं त्या पायानं टोपलीकडे सरकवल्या.

मोठ्या हौसेनं नकाशा घेऊन यवतमाळ गाठलं. सर खाटेवर बसले होते, हात काटक्यांसारखे झालेले. नकाशा त्यांनी दोन्ही हातांत धरला. प्लास्टिक चमकत होतं. सर खूप वेळ पाहत राहिले. एकदा चारी कडांवरून नुसती नजर फिरवली. मग म्हणाले, "साजरा झाला, बाई. आता याले वाळवी लागत नाई." मी किती सुखावले, काय सांगू! येताना बसमध्ये झोपसुद्धा लागली मला.

दिवाळीच्या चार दिवस आधी सर गेले. नागपूरच्या बाई ठरल्याप्रमाणे आल्या. मी नकाशा टेबलावर ठेवला. त्यांनी हात पुढे केला आणि तसाच थांबवला. "कडा कुठे आहेत याच्या?"

मी सांगितलं. त्या बिचाऱ्या रागावल्या नाहीत. प्लास्टिकचा डिंक कागदात मुरलाय, काढायला गेलं तर शाईही निघेल. उष्णतेनं सगळं सपाट झालंय. दाबाची रेघ होती की नव्हती, ते त्या पट्ट्यांवरच कळलं असतं. "खरा असेलही," त्या म्हणाल्या. "आता मला सांगता येणार नाही. आणि खरं सांगू, आता कुणालाच नाही." चहा अर्धा ठेवून त्या उठल्या.

दुकानात धावत गेले. कशाचं काय! टोपली केव्हाच रिकामी झालेली.

घरी येऊन नकाशा पालथा केला, डोळे मिटले आणि सरांसारखा कडेकडेनं अंगठा फिरवला. गुळगुळीत. चारी बाजूंनी गुळगुळीत. माझ्या हातानं मी त्या माणसाचा एकुलता एक साक्षीदार कापून टाकला होता, आणि हे त्याला कधी कळलं नाही, एवढाच काय तो आधार मी धरायला बघत होते.

तेवढ्यात दवाखान्यातली ती खाट डोळ्यांपुढे आली. आयुष्यभर हातात आलेला प्रत्येक कागद उलटा करून बघणाऱ्या सरांनी, त्या दिवशी नकाशा उलटा केलाच नव्हता.