डोहात काटे टाकणारे तात्या

पहिल्या भेटीत तात्यांनी मला हाकललंच होतं. "ए, पाय काढ पान्यातनं! हितं पावनं हायेत!" काठावरून ओरडले. मी आजूबाजूला पाहिलं, तर चिटपाखरू नाही. पाहुणे म्हणजे मासे, हे मागाहून कळलं.

मी परभणीचा, नोकरीसाठी माणला भाड्याच्या खोलीत राहणारा. रविवार खायला उठायचा म्हणून मुळशीतल्या त्या नदीवर जायचो. तात्या पासष्टीचे. बायको गेलेली, लेक सासरी. नदीतला तो डोह गावानं देवाच्या नावानं राखलेला, तिथं जाळं टाकायचं नाही. खडशी नावाचे मोठ्या खवल्यांचे मासे उन्हाळा तिथं काढतात आणि नदी वाहू लागली की अंडी घालायला वर चढतात.

त्या वर्षी पाऊस लांबला. नदीची डबकी झाली आणि बहुतेक मासे डोहात कोंडले. आटून मरणारच आहेत तर खाऊ की, असं गाव म्हणू लागलं. सगळ्यात पुढे तात्यांचा धाकटा भाऊ! तात्या म्हणाले, "खालच्या डबक्यात गळ टाका, माझी ना न्हाई. पर जिच्या प्वाटात अंडी आसतील ती सोडायची. आन् डोहात जाळं न्हाई म्हंजे न्हाई."

कोण ऐकतंय? मग या बाबानं बाभळीच्या काटेरी फांद्या तोडून डोहात लोटल्या. भावाचं नवंकोरं जाळं त्यात अडकून टरटरा फाटलं.

भावानं अबोला धरला. त्याच्या घरून तात्यांना भाकरी यायची, ती बंद झाली. पुतणीच्या लग्नाचं बोलावणंही नाही. मांडवातली गाणी डोहापर्यंत ऐकू येत होती.

"जा की तात्या, भाऊच आहे," मी म्हणालो.

"बोलिवल्याबिगर जायाला मी काय कुत्रं हाय व्हय?" असं म्हणून त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. मला फार वाईट वाटलं.

अखेर पाऊस आला, नदी दुथडी भरली. पुढच्या रविवारी मी धावतच गेलो.

"गेले का वर?"

"गेले की! उड्या मारत गेले, समदे."

मी टाळीसाठी हात पुढे केला. त्यांचा हात काही उठला नाही.

"लई आनंद झाला बगा, सायेब. सांगाय म्हनून पळतच सुटलो. भावाच्या दारात जाऊन हुबा ऱ्हायलो, तवा ध्यानात आलं. दार उगडंच व्हतं. कुनी ये म्हनलं न्हाई."