चिंच-मिठाने घासलेला डबा

चिंच कोळायला घेतली की त्या आंबट वासाने आजही माझं डोकं तापतं. कॅनडात, विनिपेगला आमच्या शेजारी एक म्हाताऱ्या जपानी बाई राहायच्या. त्यांच्या वडिलांनी जपानात हाताने ठोकून केलेला तांब्याचा चहाचा डबा त्यांनी मला दिला होता. झाकण नुसतं टेकवलं की आपोआप, सावकाश खाली उतरायचं. "घासू नकोस, रोज तळहाताने पूस," असं त्यांनी बजावलं होतं. आधी त्यांच्या आईच्या, मग त्यांच्या हातांनी तो चिकूसारखा तपकिरी झाला होता. दुसऱ्या महायुद्धात कॅनडाच्या सरकारने जपानी म्हणून त्यांचं घरदार काढून घेतलं, तेव्हा बॅगेत हा डबा तेवढा वाचला. एक दिवस मी कामावरून आले, तर पुण्याहून आलेल्या सासूबाईंनी तो चिंच-मीठ लावून पूजेच्या तांब्यासारखा लखलखीत केलेला! "अगं, केवढा काळा पडला होता, लोक काय म्हणतील?" मी अशी भडकले की हातातली पर्स ओट्यावर आदळली. वर नवरा म्हणतो, "छान तर दिसतोय!" दुसऱ्याच दिवशी शेजारीणबाई चहाला आल्या. त्यांनी डब्यावरून अंगठा फिरवला आणि हसून म्हणाल्या, "व्हेरी शायनी." त्यांनी मला झापलं असतं तर परवडलं असतं. आता डबा पुन्हा काळवंडलाय, पण नुसता माझ्या हातांनी. सासूबाईंवर मी वर्षानुवर्षं धुमसत राहिले. पण त्या दोन महिने माझ्या घरात होत्या आणि तो डबा कुणाचा, हे मी त्यांना एकदाही सांगितलं नव्हतं.