मच्छरदाणीचं कापड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांना तर नाहीच — आणि आता ते जाऊन महिना झाला.

कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, आणि दर दिवाळीच्या सुटीत नागपूरहून मालवण गाठायचे. होडीतून बारीक जाळं ओढून प्लवक — समुद्रात तरंगणारे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जीव — बाटल्यांत भरून आणायचे. शेजारचे वकील फाटकातूनच ओरडायचे, "काहून गा मास्तर, अंबाझरी तलावाचं पाणी पुरत नाही काय तुमाले?" सगळे हसायचे. हे शांतपणे सांगायचे : पावसाळी वारा जोरात असला की खोलातलं थंड, सकस पाणी वर येतं, प्लवक वाढतात; वारा पडला की घटतात. पण तो एकेका वर्षाचा चढउतार. समुद्राचा स्वभावच बदलतोय का, हे कळायला वर्षानुवर्षं तीच जागा हवी — आणि तितक्याच बारीक छिद्रांचं जाळं.

जाळं मी शिवायची.

कापड परदेशी, नायलॉनचं. मोठ्या खटपटीनं मिळालेलं. एका दिवाळीच्या तोंडावर जुनं जाळं फाटलं. उरलेल्या तुकड्याला घड्या पडल्या होत्या, म्हणून मी कोळशाची इस्त्री फिरवली — सुती साडीवर फिरवावी तशी. कापड वितळून इस्त्रीला चिकटलं.

सांगायला हवं होतं ना तेव्हाच? मी गांधीबागेच्या कापडबाजारात गेले. मच्छरदाणीचं, पण बारीक विणीचं, तसंच दिसणारं पांढरं कापड उजेडाकडे धरलं, तर दुकानदार म्हणतो, "बाई, एवढं काय पाहून राहिल्या? मच्छराचं पिल्लूबी नाही घुसत यातून!" घरी येऊन ह्यांच्याच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. भोकं मोठी होती. चांगलीच मोठी.

"छिद्रं तपासली नं?" बॅग भरताना ह्यांनी विचारलं.

"हो."

त्या वर्षी बाटल्यांत सगळ्यात लहान जीव एकदम कमी आले. पुढच्या वर्षीही — कारण पुढचं जाळंही मी त्याच कापडाचं शिवलं. वारा जोराचा असो की मंद, ते वाढेनात. ह्यांनी निष्कर्ष काढला : हा चढउतार नाही, समुद्रच कायमचा बदलला. परिषदेत निबंध वाचला. वकिलांचं हसणं थांबलं.

भीती? पहिल्या वर्षी होती. नंतर? एकदा पाहुण्यांसमोर हे म्हणाले, "हिले शिवणं तेवढं मस्त जमते." मीही बी.एस्सी. झाले होते — त्याच कॉलेजातून. त्यानंतर "समुद्र बदलला" असं ते म्हणाले की मला आतून बरं वाटायचं. ह्यांना ठाऊक नाही ते मला ठाऊक आहे! प्रेमापोटी गप्प राहिले असं कुणी म्हणू नये. मी ऐकून घेणार नाही.

शेवटच्या आजारात त्यांनी विचारलं, "ते बारके जीव परत आले असतीन का वं?" मी त्यांच्या पायांवरची चादर नीट केली.

परवा शोकसभेत त्यांच्या विद्यार्थ्यानं सांगितलं, समुद्रातला बदल सरांनी सगळ्यांच्या आधी ओळखला. मी पहिल्या रांगेत ताठ बसून ऐकलं.

समुद्र बदलला असेलही. खरंच बदलला की नाही, ते त्यांना कधीच कळलं नाही — माझ्यामुळे.