शोषखड्ड्याचं तर्कशास्त्र

मी तर्कशास्त्र घेऊन बी.ए. करतोय, हे वडील चारचौघांत सांगत नसत. कॉलेजचं श्रमदान शिबिर सायखेड्याला होतं. सांडपाण्यासाठी शोषखड्डे खणायचे होते, पण आपल्या दारात खड्डा कुणालाच नको होता. मला कुदळ झेपेना, म्हणून सरांनी लोकांची समजूत घालायला पिटाळलं. मी घरोघरी एवढंच म्हणालो, "शेजारच्यांनी मागितलाय, पण पहिला मान तुमचा." दुपारपर्यंत खड्ड्यांवरून भांडणं लागली. खणून खणून मित्रांच्या हातांना फोड आले आणि त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

पुढे सरकारी नोकरीच्या मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "आर्ट्सवाल्यांना येतं काय?"

म्हटलं, "खड्डा खणता येत नाही, पण दुसऱ्यांकडून खणून घेता येतो."

साहेब गंभीरपणे म्हणाले, "म्हणजे तुम्ही आमच्यातलेच."